एकाच घरापुरती काच

दुकानदाराने काचेवर हातोडा घातला. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली, पण एक कपचाही खाली पडला नाही.

"दोन काचांच्या मध्ये पापुद्रा असतो, बाई. वादळात फांदी आदळली तर फुटेल, पण सुटणार नाही."

"आमच्याकडे हीच होती," ती म्हणाली. "तरी तुकडे मुलीच्या अंथरुणावर पडले. कपाळाला अकरा टाके."

दुकानदाराने हातोडा खाली ठेवला. "मग ही नव्हती. तुम्हाला कुणीतरी टोपी घातली."

चार वर्षांपूर्वी खिडक्या तिच्या धाकट्या भावाने बसवल्या होत्या. या वेळी मात्र तो अंग चोरत होता. 'माझ्याकडे माल नाही गं, दुसरीकडे बघ.'

तिने दुकानाबाहेर येऊन त्याला फोन लावला.

"आमच्याकडे काच कुठली लावली होतीस?"

त्याच्या मागे काच घासण्याचं यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं.

"ताई, चांगली काच तेव्हा एकाच घरापुरती आली होती. दाजी म्हणाले, आधी दादांकडे बसव, आमच्याकडे तूर्त साधी लाव. पुढे बदलू, म्हणाले. तुला सांगू नको म्हणाले."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, तुमच्या घरातली गोष्ट…"

तिने फोन ठेवला. दादा म्हणजे तिचे थोरले दीर. वादळात अख्ख्या गल्लीच्या खिडक्या गेल्या, त्यांची एक हलली नाही. दवाखान्यात मुलीचा हात धरून बसलेली असताना तीच म्हणाली होती, दादांचं नशीब थोर. नवरा शेजारीच होता. त्याने मान डोलावली होती.

घरी तो टेप लावून खिडक्या मोजत होता. फुटलेल्या जागी फळ्या ठोकलेल्या होत्या.

"ठरली का काच?"

"ठरेल. दादांकडे कुठली आहे हो?"

"आपल्यासारखीच की." त्याने कागदावर आकडा लिहिला. "त्यांच्या बाजूला वारा कमी लागतो, म्हणून वाचली."

किती सहज म्हणाला. अडखळला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"बाबा, आता पक्की बसवणार ना?"

"म्हणजे काय! विचार आईला."

मुलीने आईकडे पाहिलं. त्याच्या शब्दाला होकार द्यायची तिला इतक्या वर्षांची सवय होती. ओठ उघडलेही.

मग ती पुढे झाली आणि तिने त्याच्या हातातली टेप घेतली.

"अगं, झाली सगळी मापं घेऊन. कागदावर लिहिलीत."

"दिसलं मला," ती म्हणाली. तो कागद तिने घडी करून त्याच्याच खिशात ठेवला, आणि पहिल्या खिडकीपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली.