गरम हवेची दांडी

मी विमानातली गरम हवेची दांडी बोलतेय. मला बाहेर ओढलं की इंजिनाच्या गळ्यात गरम हवा शिरते आणि तिथं धरलेला बर्फ वितळतो. एवढंच माझं काम.

मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांवरून फिरणाऱ्या एका छोट्या विमानात मी सहा वर्षं काढली. व्हाकोआ गावचा कृष्णदेव आमचा मेकॅनिक. वैमानिक बलराम हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, पुष्पावतीचा, नवरा. ओलसर हवा ऐन उन्हाळ्यातही इंजिनात गोठते, हे दोघांनी पुस्तकात वाचलं होतं. पटलं मात्र कुणालाच नव्हतं.

१९६२ च्या खंडेनवमीला कृष्णदेवानं पाने-पकडींची पूजा केली आणि लाल धागा घेऊन तो विमानात चढला. बाकीच्या दांड्या रोज हलायच्या, म्हणून त्याची नजर माझ्यावर गेली.

"हीच बरी, दाजी. मोरिसमधी लग्लास कुठला? लग्लास शरबतात!"

लग्लास म्हणजे तिकडच्या बोलीत बर्फ. दोघं खो खो हसले. त्यानं मला शेजारच्या पट्टीशी तीन गाठी मारून बांधलं. मला भयंकर राग आला, पण दांडीचं ऐकतो कोण?

चौथ्या दिवशी मोंतान्य ब्लांशच्या डोंगरावर आम्ही ढगात शिरलो. इंजिन खोकू लागलं. गळ्यात बर्फ धरत होता. मला कळत होतं, आणि मी जागची हलू शकत नव्हते. बलरामनं बाकीच्या सगळ्या दांड्या ओढून पाहिल्या. शेवटी त्याचा हात माझ्यावर आला. ओढ, अरे ओढ!

"आयो, पूजेचा धागा," तो पुटपुटला आणि त्यानं हात मागे घेतला. इंजिन बंद पडलं. ऊस झपाट्यानं वर आला.

बलराम जागीच गेला. माणसं पोचेपर्यंत बर्फाचं पाणीही उरलं नव्हतं. चौकशीत कारण सापडलं नाही. कृष्णदेवानं मात्र चौकशीवाले यायच्या आत मला पाहिलं, शाबूत गाठी पाहिल्या. धागा सोडून त्यानं खिशात घातला.

नवऱ्याचा हात लागलेली म्हणून पुष्पावतीनं मला मागून घेतलं. आता मी तिच्या देवघरात असते.

परवा तिनं विचारलं, "दादा, तुझ्याकडनं काय ऱ्हायलं नव्हतं ना?"

"नाय," तो म्हणाला. तिनं लगेच विश्वास ठेवला आणि त्याला जेवायला वाढलं.

कृष्णदेवा, ती तुझं तोंड बघणार नाही, तरी सांगून टाक. रोज दिवा लावताना ती मलाच विचारते, "ह्यांचं काय चुकलं गं?"