पोचा पडलेल्या झाकणाचा ‘टण्’

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका मित्रांनो. माझ्या झाकणावर दोन हंस होते. आता एकाची मान आणि दुसऱ्याची शेपटी एवढंच उरलं आहे. झाकणाला एक पोचा आहे, म्हणून ते उघडताना ‘टण्’ असं वाजतं. कारखान्याने मला मुका बनवला होता. पोचा दोन बहिणींनी ओढाताणीत पाडला.

त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुपारी चारला ते चहाला घरी येत, मला उघडत, चॉकलेटची वडी अंगठ्यांनी मोडत आणि दोघींना सारखे तुकडे देत. घड्याळजीच ते; चार म्हणजे चारच.

पुढे वडील गेले, मुलींचे केस पिकले. थोरली ताई शिवणकाम करायची. धाकटी शाळेत विज्ञान शिकवायची, तिला सगळे बाई म्हणत. दोघी एकत्र राहत आणि चारचा ‘टण्’ चालू होता. मग ताईच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. बाईंनी त्याच दिवशी मला रिकामा करून माझ्यात खिळे भरले.

“डॉक्टरांनी कमी कर म्हटलंय, बंद नाही,” ताई म्हणाली.

“तुझं कमी मला ठाऊक आहे!”

पण चार वाजले की ताईचा पाय शिवणयंत्रावर अडायचा. “छोटे, जीव नुसता वळवळतो गं.”

“चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नावाचं उत्तेजक असतं, थोडं कॅफिन असतं. तुझ्या शरीराला तेच हवंय,” असं म्हणून बाईंनी तिला बिनसाखरेचा कोको गरम पाण्यात कालवून दिला. “घे. रसायनं सगळी आहेत यात.”

ताईने घोट घेतला. “यापेक्षा खिळे गोड लागतील.”

पंधरा दिवस कोको झाला, वळवळ तशीच. तेव्हा बाईंनी निष्कर्ष काढला, “म्हणजे हा निव्वळ हावरटपणा.”

तो शब्द ताईला लागला. तिने चारचा चहा सोडला आणि बाईंशी बोलणंही. घरात फक्त शिवणयंत्र बोलायचं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. बाई दारात आल्या, तर ताई मला मांडीवर घेऊन बसलेली. टण्! झाकण उघडलं.

“चोरून खातेस, ताई?”

“खिळे आहेत. मोजून घे.”

बाईंनी वाकून पाहिलं. खिळेच होते. पण त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. चॉकलेट आपल्याला आवडतच नाही, असं वर्गाला छातीठोक सांगणाऱ्या बाईंनी आवंढा गिळला.

“परत उघड बघू.”

टण्. परत आवंढा.

“अगं, ही नुसती रसायनं नव्हेत, हे झाकण आहे!” बाई खालीच बसल्या. “चॉकलेट म्हणजे साखर आणि स्निग्ध पदार्थ एकत्र, वर जिभेच्या उबेने विरघळणारं; मेंदू असली चव विसरत नाही. ती कधी मिळते, कशाबरोबर मिळते, तेही लक्षात ठेवतो. मग आवाज आला की खाण्याआधीच मागायला लागतो. त्यात मी बंदी घातली, म्हणजे दिवसभर त्याचाच विचार. आणि मी तुला हावरट म्हटलं.”

“म्हणालीस खरी.”

“मग मीही आहे.”

“ते मला तू चार वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे,” ताई म्हणाली. पंधरवड्यातलं ते तिचं सर्वांत लांब वाक्य.

डॉक्टरांना विचारून एक लहान तुकडा ताईच्या जेवणाच्या हिशेबात बसवला गेला. खिळे गेले. आठवडाभर चॉकलेटला लोखंडाचा वास होता. कोणी तक्रार केली नाही. आता चारला बाई वडी अंगठ्यांनी मोडतात आणि लहान तुकडा ताईला देतात.

“बाबा सारखे करायचे, छोटे.”

“बाबांच्या वेळी तुला साखर नव्हती. चावू नकोस, विरघळू दे.”

मित्रांनो, कुणाचा जीव एखाद्या गोष्टीसाठी वळवळला, तर त्याला नाव ठेवण्याआधी जरा कान द्या. नुकतंच काय वाजलं ते ऐका. आणि माझा पोचा ठोकून सरळ करू नका. दोघींचे वडील आता त्या ‘टण्’मधूनच घरी येतात.