जैबुनआपाची गवाही

"सूर्य पाह्यल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, रजनी. चातुर्मासाचे चारच महिने."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही पुसदला होतो, आणि पुसदचा सूर्य कुणाला टाळत नाही. भर पावसाळ्यातही दुपारपर्यंत एकदा डोकावतोच. एकतीस वर्षं माझं व्रत सुखात चाललं. यंदा मात्र ह्यांनी श्रावणात महाबळेश्वर काढलं. रिटायर होईपर्यंत जपून ठेवलेली हौस. म्हटलं, देव काय, सगळीकडे असतो.

देव होता. सूर्य नव्हता.

पहिल्या दिवशी धुकं खोलीतच येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी वाटाड्या एका कठड्याशी नेऊन म्हणाला, "समोर दरी आहे, बाई." मी विश्वास ठेवला. दोन दिवस दुधावर काढले. ह्यांच्या हातात भाजलेलं कणीस, पण माझ्यासमोर दाणा गिळवेना.

"अवं, देवाले ढग दिसत नसतीन का?"

"दिसत असतीन. पण शब्द मी दिला आहे ना."

तिसऱ्या सकाळी उठताना मला अंधारी आली. हे बॅग भरायला लागले. धबधबा पाहायचा राहिलाच होता.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या जैबुनआपांचा व्हिडिओ फोन आला. तुळशीला पाणी घातलं, एवढंच सांगायचं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी फोन आभाळाकडे फिरवला. पुसदचं लख्ख ऊन.

"घे, पाह्य."

"फोनातला नाही चालत, आपा."

"बरं. आमचा ईदचा चांद ढगात असला तर काय करतात? ज्यानं पाह्यला त्याची गवाही घेतात. मी सूरज पाह्यला, आत्ता, याच डोळ्यांनी. गवाही देऊन राह्यली."

"गवाही देणारा खरं बोलणारा लागतो ना?"

"मंग? मी तुले कधी खोटं बोलली?"

"माझी पुरणाची चाळणी परत केली म्हणाल्या होत्या."

"ते भुलणं होतं. तू आली की आणून देतो. जेव आता."

मला आठवलं, दूधवाला पाणी घालतो का, हे सासूबाई ह्यांना नाही, आपांनाच विचारत. आपांचा शब्द त्यांना चालत होता. मग मला का नको?

"एक बोली आहे," आपा म्हणाल्या. "येत्या रमजानले माझे गुडघे गच्ची चढणार नाहीत. चांद तू पाहजो."

"पाहीन."

पूर्व कुठली ते हॉटेलवाल्याला विचारलं, अर्घ्य दिलं, आणि बिनकांद्याच्या पिठल्याशी दोन भाकरी खाल्ल्या. ह्यांनी बॅग उघडून धबधब्यासाठी छत्री काढली.

आता फाल्गुन जवळ आला आहे, आणि रमजानही. आज मावळतीला आपा दारात खुर्ची टाकून बसल्या आहेत, मान वर करून, आमच्या गच्चीकडे बघत. चाळणी अजून आलेली नाही. मी चष्मा पदराला पुसला, तव्याखालचा गॅस बंद केला आणि कुणाला न सांगता जिना चढायला लागले.