नामावळीतलं पान

आभाला आपल्या कामाचा भारी अभिमान होता, आणि तो रास्तच होता. रामकुंडाजवळच्या तिच्या घरात सात पिढ्यांच्या नामावळ्या होत्या. श्राद्धाला आलेले यजमान आपल्या घराण्याच्या पानावर स्वतःच्या हाताने नवी नावं लिहून सही करायचे. ती सगळी बाडं दोन वर्षं खपून तिने संगणकात आणली. ज्याचं पान त्यालाच दाखवायचं असतं, एवढंच वडील, दिवाकरशास्त्री, म्हणाले होते. आभाने ते हसण्यावारी नेलं.

मग लग्न जुळवण्याचं ॲप चालवणारे पिंपळगावचे यादवराव आले. नामावळ्या ॲपवर आल्या तर स्थळांची चौकशी घरबसल्या होईल, असं त्यांचं म्हणणं. करार सोबतच आणला होता. सही होण्याआधी चाचणी म्हणून त्यांनी निफाडच्या एका रंगनाथचं नाव दिलं.

दहा सेकंदांत पान उघडलं. रंगनाथच्या अक्षरात लिहिलं होतं: कन्या निकिता, दत्तक. पोरीला अजून सांगितलेलं नाही.

"निकिता माझ्या मुलाला, रुद्रला, सांगून आलीय," यादवराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "काय लिहिलंय?"

आभाने लॅपटॉप मिटला. दत्तक असणं हा काही गुन्हा नव्हे, पण ते निकिताला कळायचं तर बापाच्या तोंडून. रंगनाथने शास्त्रींच्या भरवशावर लिहिलेलं ती चव्हाट्यावर मांडायला निघाली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"दुसऱ्याचं पान दाखवत नाही, काका."

"म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे."

आली का पंचाईत. नाही म्हटलं तरी संशय पोरीच्याच माथी. पण आभा हटणारी नव्हती. काल घरात काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं, तरी ती बिनदिक्कत म्हणाली, "काल तुमच्या पिंपळगावच्या घराचं पान एकाने मागितलं होतं. त्यालाही नाहीच म्हटलं."

यादवरावांचा चेहरा उतरला. "कोणी?"

"तेही सांगणार नाही."

ते कराराच्या कागदाशी चाळा करू लागले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, ॲपमधून आमचं गाव तेवढं वगळता येईल का?"

"येईल की," आभा म्हणाली. "सगळीच गावं वगळली."