सहादेव गुरुजींची येसू

सहादेव गुरुजींना कुणाचा हेवा वाटतो, असं गावात कुणी म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याने त्यालाच वेड्यात काढलं असतं. पाथर्डीपलीकडच्या त्या डोंगरकडेच्या गावात गुरुजींनी चौदा वर्षं नोकरी केली, पण कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. श्रावणात देवळात नाथांची पोथी लागली की वाचायला कुणीही चाले. अर्थ सांगायला मात्र गुरुजीच लागत. वाचणाऱ्याने ओवी म्हणून थांबायचं आणि गुरुजींनी ती सोप्या बोलीत उलगडायची. म्हातारी दगडाबाई म्हणायची, "ववी कानात जाती, पर पोटात जाती ती गुर्जींच्या अर्थानं."

आणि शनिवारी शाळेत शेवटच्या तासाला गोष्ट. गोष्टी पुष्कळ होत्या, पण पोरांचा जीव होता तो येसूच्या गोष्टीवर. येसूचे आजोबा ज्वारी राखायला माळ्यावर बसत आणि असे हाकारे घालत की तीन शिवारांतली पाखरं उडत. एक दिवस वाऱ्याने त्यांचा आवाजच पळवला. तोंड उघडतंय, पण आवाज नाही. मग येसू एका लंगड्या बगळ्याच्या पाठीवर बसून वाऱ्याच्या घरी निघाली. तिथे चोरलेले आवाज गाडग्यांत भरून ठेवलेले, छतापर्यंत उतरंडीच उतरंडी.

ही गोष्ट दरवर्षी नव्या पोरांना नव्याने सांगितली जाई, आणि मोठी पोरं खिडकीतून ऐकत. "गुर्जी, ही तुमी रचली?" असं पहिल्यांदा एका पोराने विचारलं, तेव्हा गुरुजी नुसते हसले होते. त्या हसण्याचा गावाने काय तो अर्थ लावला. गुरुजींनी तो खोडला नाही.

खरं काय ते त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. नगरच्या जुन्या बाजारात मिळालेलं, पाठ उसवलेलं एक इंग्रजी पुस्तक. शब्दकोश शेजारी घेऊन त्यांनी ते दोन उन्हाळ्यांत वाचलं होतं. पुस्तकात समुद्र होता, दीपगृह होतं, धुक्यातल्या गलबतांना हाका मारणारा म्हातारा होता, राजहंस होता. समुद्र न पाहिलेल्या पोरांना दीपगृह कुठून दाखवायचं? म्हणून माळा आला, बगळा आला. पुढे पुढे तर गुरुजींनाही वाटू लागलं, की येसू आपलीच.

सत्तरच्या जूनमध्ये जालिंदर नावाचा तरुण मास्तर शाळेवर आला. नगरहून ट्रेनिंग करून आलेला. पोरांबरोबर हुतुतू खेळायचा, खडूने फळ्यावर अशी चित्रं काढायचा की पुसायला जीव होऊ नये. दिवाळीपर्यंत पोरं त्याच्या अंगाखांद्यावर. गुरुजींनी त्यालाही काही म्हटलं नाही. फक्त फळा मात्र सुट्टी होताच स्वतः उठून पुसू लागले.

संक्रांतीच्या सुमारास जालिंदर सायकलवरून उतरला तो ओरडतच. "गुरुजी, जमलं! नगरच्या लष्करी छावणीतल्या ओळखीनं एक सिनेमा मिळालाय. चित्रांचा! म्हणजे माणसं नाहीतच, सगळी काढलेली चित्रं, आणि ती चालतात, बोलतात. रविवारी दुपारी आपल्या शाळेत. मशीनवाला नगरहून येतोय."

"कसली गोष्ट आहे?" गुरुजींनी विचारलं, विचारायचं म्हणून.

"एक दीपगृह असतं. तिथल्या म्हाताऱ्याचा आवाज वारा पळवून नेतो. मग त्याची नात हंसावर बसून..."

गुरुजींच्या हातातला चहा तसाच राहिला. जालिंदर बोलत होता आणि गुरुजींना दिसत होतं ते एवढंच, की आपण चौदा वर्षं शब्दांनी उभी केलेली पोर आता रंगीत कपडे घालून या पोराच्या मागून गावात येणार. सगळ्यांना कळणार. आणि कळलं नाही तरी पोरं म्हणणार, की जालिंदर गुर्जींची येसू खरी, ती चालती-बोलती.

घरी बायको कलाबाईने विचारलं, "जेवत का न्हाई? भाकरी करपली का?"

"तो जालिंदर सिनेमा आणतोय."

"आणू द्या की. प्वारांची मजा. बिचाऱ्यांचे आईबाप उसाच्या तोडीला गेल्यात, घरात चित्त लागत न्हाई त्यांचं."

"शाळा म्हणजे काय तंबू आहे?" गुरुजी ताट सारून उठले. कलाबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

रविवारी शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. भिंतीवर दोन धोतरं शिवून केलेला पडदा. पुढे पोरं, मागे म्हाताऱ्याकोताऱ्या. कर्ती माणसं बहुतेक तोडीवरच गेलेली. मशीनवाला बन्सी वायरी जोडत होता. मग कुणीतरी विचारलं, "इंग्रजीत बोलणार, तर आमाला कळायचं कसं?"

"असं काय करता?" दगडाबाई म्हणाली. "गुर्जी हायेत की अर्थ सांगाया."

जालिंदर लगेच पुढे आला. "खरंच गुरुजी, तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं ते."

त्याने खुर्चीही आणून ठेवली, पडद्याच्या कडेला. गुरुजी बसले. मनात म्हणाले, बरं झालं. आता अर्थ माझ्या हातात आहे.

मशीन घरघरलं. पडद्यावर अक्षरं आली, कुठल्या पुस्तकावरून सिनेमा केला ते. ती वाचणारे खोलीत दोघेच होते. मग निळंशार पाणी उघडलं आणि सगळी खोली एकदम "आई गं" म्हणाली. लाटा आपोआप हलत होत्या. दीपगृह आलं, म्हातारा आला, गुलाबी गालांची पोर आली.

"थांबव रं जरा!" दगडाबाई मागून ओरडली. "अर्थ हू दे!"

"आजे, ही पोथी न्हाई," बन्सी म्हणाला. "मधीच थांबवली तर दिव्यानं फिल्लम जळंल. गुर्जी, तुमी अर्थ चालू ठिवा, मी आवाज बारीक करतो."

गुरुजींनी घसा साफ केला. "हा म्हातारा," ते म्हणाले, "चेटक्या आहे. जहाजांना हाका मारून खडकांवर आणतो. आणि ही पोर त्याच्याकडून पळून जायच्या बेतात आहे."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. जालिंदरने अंधारात मान वळवून पाहिलं. गुरुजींनी ते न पाहिल्यासारखं केलं. म्हाताऱ्याचा आवाज गेला, तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, चेटूक उतरलं." पोर रडू लागली, तेव्हा म्हणाले, "आनंदानं रडतेय." आपला आवाज किती सहज खोटं सांगतो आहे, हे ऐकून ते स्वतःच दचकले, तरी जीभ थांबेना.

मग किनाऱ्यावरून एक राजहंस लंगडत लंगडत आला.

पुढच्या ओळीत मनकर्णा बसली होती. दहा वर्षांची, आईबाप तोडीला गेलेले, आजीजवळ राहणारी. ती ताडकन उभी राहिली. "गुर्जी, तुमी चुकताय! त्यो आपला बगळा हाय!"

"आन् ती येसू!" दुसरा ओरडला. "म्हाताऱ्याचं तोंड बगा, आवाज न्हाई!"

"आता वाऱ्याच्या घरी जाणार!"

"गाडगी दिसतील बगा आता!"

आणि गेलीच ती. गाडगी नव्हती, काचेच्या बाटल्या होत्या, पण होत्या छतापर्यंत. पोरांनी एकच गिल्ला केला. प्रत्येक चित्राआधी पुढचं पोरंच सांगू लागली. अर्थ सांगणाऱ्याची गरजच उरली नाही. पहिलं रीळ संपलं, बन्सीने दिवा लावला, तेव्हा एका पोराने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

"ह्यांनी आपल्या गुर्जींची गोष्ट चोरली!"

"व्हय! गोऱ्यांनी चोरली!"

"आन् जालिंदर गुर्जींनी चोराचा सिनेमा आणला!"

खोलीत हशा पिकला, पण त्या हशाला धार होती. दगडाबाईसुद्धा म्हणाली, "मास्तर, आमच्या गुर्जींचं घेताना इचारायचं तरी." जालिंदर उभाच होता. मघाची अक्षरं त्याने वाचली होती; पुस्तक चाळीस वर्षांपूर्वीचं होतं, हेही त्या अक्षरांतच होतं. त्याने एकदाच गुरुजींकडे पाहिलं. मग म्हणाला, "चुकलं माझं," आणि बन्सीला दुसरं रीळ काढून द्यायला वाकला.

गुरुजींना आधी गोड वाटलं. खोटं का सांगा, फारच गोड वाटलं. सहा महिने जे मनात ठसठसत होतं त्यावर कुणी लोणी लावावं तसं. पण पाठोपाठ त्या वाकलेल्या पाठीकडे बघून नवीच आग लागली. हा एका शब्दाने मला उघडं पाडू शकत होता, आणि त्याने पाडलं नाही. चित्रं काढण्यात तर तो पुढे होताच. आता इथेही पुढे गेला. दुसरं रीळ चाललं तेवढा वेळ गुरुजी खुर्चीत नुसते बसून राहिले. पोरं मधून मधून "चोर, चोर" ओरडत होती आणि प्रत्येक वेळी तो शब्द नेमका त्यांच्यावरच येऊन बसत होता.

तिसरं रीळ लावायला बन्सी थांबला. मनकर्णा उठून खुर्चीपाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"गुर्जी, बगळ्याची आई कुटं हाय?"

"कसली आई?" गुरुजींनी विचारलं.

"तुमी सांगता न्हवं. सगळं बगळं दुसऱ्या पाण्यावर गेलं, आईला बी जावं लागलं, पर ती म्हणली, सुगी झाली की येते. आन् येती. ह्यात ती न्हाईच. ह्यांनी ती मारली का?"

ती आई पुस्तकात नव्हती. पुस्तकातला हंस एकटाच होता. एका वर्षी दसऱ्यानंतर गाड्या तोडीला निघून गेल्या, वर्ग निम्मा झाला आणि मागे राहिलेली पोरं पाटीवर नुसत्या रेघा ओढत बसली, तेव्हा एका शनिवारी ती आई गुरुजींच्या तोंडून आपोआप आली होती. त्याला आठ वर्षं झाली. पोरीला सांगणं सोपं होतं, की चोरांनी ती गाळली. तोंडावर आलंही होतं. पण पोरीच्या हाताची बोटं खुर्चीच्या काठावर घट्ट आवळलेली होती.

"मनकर्णे, मारली नाही कुणी," गुरुजी उठून उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यांच्याकडे ती नव्हतीच. गोष्ट त्यांची आहे, पोरांनो. माझी नाही. पुस्तक आहे इंग्रजी, माझ्या ट्रंकेत. मी त्यातून घेतली आणि तुम्हाला कधी सांगितलं नाही. मघा मी अर्थही खोटा सांगितला. चोर असलाच तर मी आहे. जालिंदर मास्तरांना हे ठाऊक होतं, तरी ते बोलले नाहीत."

आता चौदा वर्षं मातीत गेली, असं वाटून ते थांबले.

"आन् बगळ्याची आई?" मनकर्णाने विचारलं.

"ती तेवढी मी घातली."

तिने मनाशी हिशेब लावला. "म्हंजी ती येती का न्हाई, ते तुमालाच ठावं."

"हो."

"मग? येती?"

"येते," गुरुजी म्हणाले. "सुगी झाली की येते."

"मग बरं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

बन्सीने दिवा मालवला. मागून कुणीतरी ओरडलं, "गुर्जी, खाली बसा की, पडद्यावर सावली पडतीया!" गुरुजी गोंधळून पुढच्या ओळीत पोरांमध्येच सतरंजीवर बसले. एवढं मोठं सांगून टाकलं, आणि कुणी वळूनही बघेना! पोरांना पुढे काय होतं याची घाई होती.

हजारो बाटल्यांमध्ये आजोबांचा आवाज कोणता? गुरुजींच्या गोष्टीत येसू प्रत्येक गाडग्यावर हात ठेवून बघायची आणि एका गाडग्यात खोकल्याची थरथर लागायची. पडद्यावरच्या पोरीने तसं केलं नाही. ती मध्यभागी उभी राहिली आणि आजोबांचं गाणं अर्धंच म्हणून थांबली. सगळीकडे शांत. मग खूप वरच्या, धूळ बसलेल्या एका बाटलीतून उरलेलं अर्धं गाणं हळूच आलं.

पोरांनी श्वास रोखला. गुरुजींनीही. हे पुस्तकात नव्हतं! दोन उन्हाळे ते ओळ न् ओळ वाचलं होतं, नव्हतंच. म्हणजे या लोकांनीही घेतली होती आणि बदलली होती. आणि काय बदलली होती! गुरुजींनी नकळत मान डोलावली, आणि त्याच वेळी जुना हेवा उठला: हे मला का सुचलं नाही? चौदा वर्षांत एकदाही?

"गुर्जी," मनकर्णाने कोपराने ढोसलं, "अर्थ सांगा की. काय म्हणती ती?"

गुरुजींनी सांगितला. या खेपेला जसा होता तसा, शब्दाला शब्द.

सिनेमा संपला, घोंगड्या निघाल्या, उन्हाने सगळे डोळे चोळू लागले. जालिंदर वायर गुंडाळत जवळ आला. "गुरुजी, ते हंसाच्या... बगळ्याच्या आईचं. शनिवारी सांगाल? मी कधी ऐकलं नाही. मागं बसेन मी."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. हेवा गेला होता असं नाही. तो असा एका दुपारी जात नसतो, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? पण त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले,

"मागं नाही. पोरांमध्ये बसायचं, खाली. आणि येताना खडू आणा. ती आई कशी दिसते, ते मला आठ वर्षांत काही काढता आलेलं नाही."