गुत्त्यात टांगलेला सॅक्सोफोन

मी क्लीओटस पेटवेचा सॅक्सोफोन बोलतोय. अंगाने पितळेचा आहे, पण सध्या माझ्या पोटात बाटल्यांची झाकणं, च्युइंगम आणि शेंगांची टरफलं भरली आहेत. तेव्हा मी जरा नाक मुरडूनच बोलणार, वाईट वाटून घेऊ नका.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्याचा. तिथल्या माणसांनी मला इतकं घासूनपुसून काढलं, की वाटलं, आपलं सगळं आयुष्य असंच लखलखीत जाणार. मूर्खच होतो.

क्लीओटस मूळचा मिसिसिपीकडचा, कापसाच्या मुलखातला. शिकागोत तो कत्तलखान्यात कामाला होता. हात कितीही धुतले तरी चरबीचा वास जायचा नाही, पण तो वास मला चालायचा. सकाळी त्याची बायको झेनोबिया मक्याची लापशी ढवळायची आणि तो तिच्यासाठी एक संथ ब्लूज वाजवायचा, स्वतः बांधलेली चाल. कुणाची तरी समजूत काढावी तसा श्वास सोडायचा. तेव्हा मला जन्माचं सार्थक वाटायचं.

नाव झालं ते मात्र व्हर्नेलच्या गुत्त्यात. सोमवारी न्हाव्यांना, आचाऱ्यांना सुट्टी, म्हणून दुपारपासूनच तिथे गर्दी. तिथली रीत अशी, की सॅक्सोफोनवाल्याने दारूच्या काउंटरवर चढायचं, ग्लासांमधून वाट काढत वाजवत चालायचं आणि शेवटी पाठीवर पडून पाय झाडायचे. सूर एकच, गाढवाने रेकावं तसा. लोक खूश. कुणी माझ्या तोंडात नोट कोंबायचा, कुणी विझलेली सिगारेट, कुणी चघळलेलं डुकराच्या पायाचं हाड. मला ओकारी यायची, पण ओकायलाही मला क्लीओटसचीच फुंकर लागायची.

एके दिवशी तो बायकोला म्हणाला, "या सोमवारी वर चढणार नाही. खाली उभा राहून तुझी चाल वाजवतो. तू ये."

"चर्च सोडून मी कुठे जात नाही, ठाऊक आहे ना? पण येते. बघू तरी तुझा शब्द."

ती खरंच आली. रविवारची टोपी घालून दारापाशी बसली. त्याने चाल सुरू केली आणि अख्खा गुत्ता गप्प झाला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात एक न्हावी काउंटरवर तळहात आपटू लागला.

"ए पेटवे, कोण मेलं रे? चढ की वर."

"गुडघे गावाकडेच राहिले का रे याचे?" दुसरा म्हणाला. मग सगळेच आपटू लागले.

क्लीओटस चढला. मला सगळ्यात जास्त किळस आली ती त्या लोकांची नाही, त्याची. चाल अर्ध्यावर टाकून तो रेकायला लागला. पाठीवर पडून पायही झाडले. झेनोबिया पर्स उचलून निघून गेली.

घरी तिने एवढंच विचारलं, "तुला टाळ्या इतक्या लागतात?"

"लागतात," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, तेवढं बरं. पण त्यानंतर ती चाल त्याने स्वयंपाकघरातही वाजवली नाही.

तो वारला तेव्हा मी गुत्त्यातच होतो. व्हर्नेलने मला काउंटरच्या वर खिळ्याला टांगलं. नव्या गिऱ्हाइकांना तो सांगतो, "पेटवेचा सगळा जीव या काउंटरवर." मग ती गिऱ्हाइकं नेम धरून माझ्या तोंडात झाकणं टाकतात.

परवा झेनोबिया आली. "व्हर्नेल, ते माझ्या नवऱ्याचं आहे. काढून दे."

"राहू द्या ना वहिनी. इथे सगळे त्याची आठवण काढतात."

"कसली आठवण? त्याला वाजवता यायचं, हे तुमच्यातल्या एकाला तरी माहीत आहे का?"

व्हर्नेलने हसून तिच्यापुढे सोडा ठेवला. तिने त्याला हातही लावला नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली आणि गेली.

तुमच्यापैकी कुणी इकडे फिरकलात, तर मला तिच्या घरी पोचवा. तेवढं जमत नसेल, तर वितळवून माझी नळाची तोटी करा. त्या तोटीतून निदान स्वच्छ पाणी तरी येईल.