लुशीचं पोट

"राजा, तुज्या त्या कुत्र्याला तू आवरतोस का मी आवरू?"

माघ सरत आला होता. थंडीचा जोर ओसरला होता, तरी डेअरीच्या पत्र्यावरनं दवाचे थेंब मानेत पडतच होते. आम्ही दहा-पंधरा जण किटल्या घेऊन ओळीत उभे होतो. कृष्णात हवालदार ओळ मोडून पुढं आला आणि राजाराम गवंड्याच्या तोंडासमोर उभा राहिला. दादासो डेअरीवाल्यानं राजारामच्या किटलीत मापटं बुडवलं होतं. ते तसंच दुधात राहिलं.

"काय केलं वाघ्यानं, हवालदार?"

"काय केलं इचारतोय! अर्ध्या तालुक्याला पिल्लांचा शबूद दिलाय मी. आनि तुज्या त्या गावठ्यानं माजी मुधोळी कुत्री बाटवली!"

आता आमच्याकडं कुत्री लागली म्हणतात, गाय फळली म्हणतात. बाटली असं कुठल्याच जनावराला म्हणत नाहीत. तो शब्द माणसांसाठी राखून ठेवलेला. ओळीतल्या प्रत्येकाला कळलं की हवालदार नुसत्या कुत्र्याबद्दल बोलत नाही. राजारामला ते सगळ्यांच्या आधी कळलं. त्याच्या बापानं छप्पन्न साली बुद्धाची दीक्षा घेतली होती. राजारामनं स्वतः निम्म्या गावाची घरं बांधली, हवालदाराच्या भिंतीसुद्धा त्याच्याच ओळंब्यावर उभ्या. पण भिंत बांधणाऱ्याला त्याच भिंतीच्या आत बसवायची रीत आमच्या गावात अजून पडायची होती.

"कुत्र्याचं असंल तर कुत्र्याचं बोला, हवालदार," तो सावकाश म्हणाला.

"कुत्र्यालाबी पायरी शिकवाय लागती. माज्या दारात दिसलं तर गोळी घालीन."

हवालदाराच्या घरात परवान्याची बंदूक होती. त्यामुळं हे नुसतं बोलणं म्हणून सोडून देता येत नव्हतं. मी माझ्या किटलीचं झाकण घट्टच होतं ते आणखी घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी राजारामनं वाघ्याला विटांच्या ट्रॉलीत घातलं आणि तासगावला नेलं. तिथं त्याचा पोरगा मिलिंद बेदाण्याच्या शेडवर कामाला होता. ट्रॉली हलली तेव्हा राजारामची बायको बनाबाई हातात भाकरी घेऊन उभी होती. वाघ्यानं भाकरीकडं बघितलंसुद्धा नाही.

आता हवालदाराची ही कुत्री, लुशी, कोण ते सांगायला पाहिजे. खरं नाव लूसी. फौजेतल्या कुठल्याशा साहेबाच्या कुत्रीचं नाव हवालदारानं पेन्शनीबरोबर घरी आणलं आणि मुधोळहून आणलेल्या पिल्लाला दिलं. उंच, काटक, ससा उठला की बाणासारखी सुटणारी. हवालदार सगळ्या गावाला अरेतुरे करायचा, पण लुशीशी हिंदीत बोलायचा. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यानं ठरवलं की हिचं एक शेवटचं वेत घ्यायचं, आणि जतच्या एका नामांकित कुत्र्याकडं तिला नेऊन आणलं. पुढं लुशीचं पोट दिसायला लागलं आणि हवालदाराची छाती पोटाच्या पुढं निघाली.

त्या पिल्लांवर त्यानं काय काय पदरात पाडून घेतलं ते मी बघत होतो. सरपंचाला एक मादी कबूल केली आणि पाटाच्या पाण्याची रात्रीची पाळी दिवसावर आली. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला नर कबूल केला आणि उसाला तोड सगळ्या शिवाराच्या आधी मिळाली. दुसऱ्यांचं कशाला, एक पिल्लू मलाही मिळणार होतं. म्हणून त्या साली त्याचा नांगर बांध ओलांडून फूटभर माझ्या रानात आला, तो मला दिसलाच नाही. जन्मायच्या आधी एवढं कमावणारी पिल्लं आमच्या भागात दुसरी झाली नसतील.

लुशी उलट्या करायला लागली. हवालदार म्हणाला, "डोहाळं लागल्यात." लुशी गवत खायला लागली, तेही डोहाळेच. सुनेनं, शिवांजलीनं, हौसेनं तिच्या गळ्यात हिरवं फडकं बांधलं. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि कुणीतरी खरोखरच खोबऱ्याची वाटी आणून पुढं ठेवली. लुशीनं ती हुंगली आणि तोंड फिरवलं.

कुत्रीला दोन महिने लागतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन महिने उलटले. पोट ढोलासारखं तट्ट, पाठीचे मणके वर आलेले, पण पिल्लाचा पत्ता नाही. लोक येता-जाता विचारायचे, "हवालदार, किती झाली?" आधी तो हसायचा. मग तो दुसऱ्या रस्त्यानं जायला लागला. मग त्यानं डोकं चालवलं. जतच्या कुत्र्याची मुदत संपली, तरी पोट वाढतंय. म्हणजे जतला लागलीच नाही, मागनं लागली. मागनं कोण? लुशी आणि वाघ्या उसाच्या पाचटात एकमेकांना खेटून झोपायची, हे सगळ्या गावानं पाहिलेलं. झाला निवाडा. डेअरीतलं प्रकरण त्यातनं निघालं.

वाघ्या गेला, पण राग राहिला, तो लुशीवर निघाला. तिला घालायचं दूध बंद झालं. तिला सोप्यातनं काढून शेळ्यांच्या दावणीला बांधली. आणि हवालदारानं बायकोकडनं, राहीबाईकडनं, गाजराच्या बियांचा काढा करून घेतला. पिल्लं पडावीत म्हणून. पहिल्या दिवशी लुशीनं तो ओकला. दुसऱ्या दिवशी हवालदारानं जबडा धरून ओतला. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. शेणकूर करताना राहीबाईच्या ते नजरेला पडलं आणि ती कुणाला न विचारता एसटीडी बूथवर गेली. त्यांचा पोरगा शंभूराज साताऱ्याला एमआयडीसीत होता. तो म्हणाला, "आई, हितं कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर हाय. घीऊन या."

भावकीतल्या दाव्याची माझी तारीख होतीच साताऱ्याला. त्यांच्याच टेम्पोत मी बसलो. लुशी राहीबाईच्या पायांशी पोत्यावर पडून होती. हवालदार वाटभर पुढच्या काचेतनं रस्ता बघत राहिला, जणू गाडी तोच चालवतोय.

डॉक्टर बारीक अंगाचा, चष्म्याचा. त्यानं लुशीच्या हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "उलट्या कधीपासून?"

"डोहाळं हायत त्ये," हवालदार म्हणाला.

डॉक्टरनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि लुशीच्या पोटात सुई घातली. नळीतनं तांबूस पाणी यायला लागलं. येतच राहिलं. निम्मी बादली भरली तेव्हा पोट सैल पडलं आणि बरगड्यांच्या खाली एक टेंगूळ वर आलं. डॉक्टरनं हवालदाराचा हात धरून त्यावर ठेवला.

"लागतंय काही?"

"व्हय. कवठागत. डोस्कं हाय का पिल्लाचं?"

"गाठ आहे. यकृतावर."

"म्हंजी कशावर?"

"काळजावर हो. बोकडाचं काळीज खाता ना? तेच. ट्यूमर आहे. अशा एकदोन नाहीत, पुष्कळ लागतायत हाताला."

"आनि पिल्लं?"

डॉक्टरनं फोटो काढून आणला. काळ्या काचेसारखा तो कागद उजेडाला धरला. लुशीच्या मणक्याचा एकेक मणी दिसत होता. "पिल्लं असती तर त्यांची हाडं दिसली असती. नाहीत."

"म्हंजी पडली?"

"नव्हतीच कधी. म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं असं. मांजरांना होतं. कुणाच्या आतड्यात, कुणाच्या काळजात. पोट फुगतं, उलट्या होतात, अंगावरचं मांस झडतं. लोक म्हणतात जंत झालेत, नाहीतर गाभण आहे. आणायला उशीर करतात. घरचं काही औषध दिलं होतं?"

हवालदार भिंतीवरच्या कॅलेंडरातलं मांजर बघत राहिला.

"काढा दिला," राहीबाई म्हणाली. "गाजराच्या बियांचा. पिल्लं पडावीत म्हून."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "का? नको होती?"

त्याला उत्तर द्यायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. हवालदाराचे कान लाल झाले. त्यानं विचारलं, "आप्रेशन?"

"उपयोग नाही. दुखणं कमी व्हायला देतो काहीतरी. खाईल ते खाऊ घाला. बांधून ठेवू नका."

पाणी निघाल्यानं लुशी कित्येक दिवसांनी आपल्या पायांवर उभी राहिली, अंग झाडलं आणि दाराकडं चालायला लागली. हवालदारानं सवयीनं हाक मारली, "लूसी, रुको." ती थांबली.

कराड मागं पडलं. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवलेला, धुरळा टेम्पोत येत होता. हवालदार माझ्याकडं न बघता म्हणाला, "सयाजी, गावात इचारलं तर एवडंच सांगायचं. पिल्लं पोटातच मेली."

मी मान हलवणार होतो. खोटं तसं लहानच होतं. आणि शेती अधिकाऱ्याला, सरपंचाला सांगायला सोयीचंही.

"आनि वाघ्या?" राहीबाईनं विचारलं.

"त्येचं काय?"

"त्येचं काय म्हंजी? मेली म्हंजी हुती. हुती म्हंजी कुनाची?"

"गप ऱ्हा गं."

"न्हाई ऱ्हायाची. आवं, तुमचं ऐकून त्या मुक्या जिवाला काढा घोटून दिला मी. आता ह्ये बी मीच घोटू व्हय? कुनी इचारलं तर मी गाठ हुती म्हून सांगनार. तुमाला काय सांगायचं ते सांगा."

बत्तीस वर्षांच्या संसारात राहीबाई एवढं सलग बोललेली मी तरी ऐकली नव्हती. हवालदारानं रुमालानं तोंडावरचा धुरळा पुसला. गाव येईपर्यंत तो पुसतच होता.

दुसऱ्या दिवशी दिवस कलता तो माझ्या दारात आला. इस्त्रीचा सदरा, पायात फौजेतले बूट. "चल जरा."

"कुठं?"

"राजाकडं. मला एकट्याला जीभ वळायची न्हाई."

आमच्या आळीतनं राजारामचं घर दिसतं, एवढं ते जवळ. पण हवालदार त्या वाटेनं कधी गेला नव्हता. राजाराम लागायचा तेव्हा पोराला पाठवून बोलावून घ्यायचा. वस्तीत शिरलो तशी पोरं खेळायची थांबली. बनाबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तिनं आम्हाला बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. राजाराम आतनं आला, हाताला सिमेंट तसंच.

"या हवालदार. बसा."

कट्ट्यावर पोतं अंथरलेलं होतं. हवालदार बसला नाही. उभ्यानंच, हजेरी दिल्यासारखं बोलला, "राजा, साताऱ्याला न्हेलती लुशी. पोटात पिल्लं न्हवतीच. काळजावर गाठ हाय. तुज्या वाघ्याकडं काय दोष न्हाई. त्येनं काय केलं न्हाई. त्येला मागारी आन."

झालं. मला वाटलं, सुटलो. हवालदारालाही तसंच वाटलं असणार, कारण आता तो पोत्यावर टेकला.

राजाराम बोटांवरचं सिमेंट खरवडत म्हणाला, "कुत्रीचं वाईट झालं. जगंल का?"

"न्हाई म्हनला डॉक्टर."

"वाघ्याचं सांगवत न्हाई. तिकडं शेडचा मालक त्येला बिस्कुटं घालतोय म्हनं. मिलिंदला इचारतो."

बनाबाईनं चहा आणला. काचेचे ग्लास, वाफाळते. एक हवालदारापुढं ठेवला, एक माझ्यापुढं. ठेवून आत गेली नाही. तिथंच उभी राहिली.

"हवालदार, येक इचारू?"

"इचारा की, वैनी." हा शब्द त्यानं त्या घरात पहिल्यांदा काढला. त्याचा त्यालाच जड गेला.

"वाघ्यानं काय केलं न्हाई म्हनता. आनि केलं असतं तर?"

हवालदारानं ग्लास उचलला होता, तो तोंडाशी पोचला नाही.

"पिल्लं असती, वाघ्याचीच असती, तर काय झालं असतं? आमी आज तुमच्या दारात यायला पायजे हुतं का? काय म्हून?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तांदळातला खडा उचलून दाखवावा तसं ती बोलली. हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी ग्लासात बघितलं. चुकीचा हिशेब दुरुस्त करून द्यायला आलो होतो आम्ही. हिशेबच मुळात कशाचा मांडला होता, ते तिनं विचारलं. डेअरीतला तो शब्द त्यानं मागं घेतला नव्हता. वाघ्याला फक्त त्यातनं मोकळं केलं होतं.

राजाराम म्हणाला, "जाऊ दे गं. च्या घ्या, हवालदार, निवतोय."

हवालदार चहा प्यायला लागला. घोटघोट, मान खाली घालून. ग्लास संपला तरी उठेना. दिवस मावळायला आला, म्हशी घरी यायला लागल्या, येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती. मी दोनदा खाकरलो. तो हललाच नाही.

तेवढ्यात लुना थांबली. दादासो डेअरीवाला, मागं दुधाचा कॅन. "अगा हवालदार! हितं कसं? गवंड्याकडं काय काम काढलं?"

उत्तर अगदी सोपं होतं. भिंत पडलीय, गिलावा करायचाय, काहीही. मीच बोलणार होतो.

"काम न्हाई," हवालदार म्हणाला. "च्याला बोलावलंय."

"कुनी बोलावलं?" बनाबाई उंबऱ्यातनं म्हणाली. "आपनहून आल्यात."

दादासोनं गाडी बंद केली. वस्तीतली सगळी माणसं हवालदाराकडं बघत होती. त्याचे कान पुन्हा लाल झाले. मान वर करायला त्याला बराच वेळ लागला.

"व्हय," तो म्हणाला. "आपनहून आलोय. डेअरीत बोललो त्ये वंगाळ बोललो. उद्या तितंबी सांगतो."